गवत, लो सेटिंगवर

उणे एकतीस. खिडकीला आतून बर्फ,
आणि इखबायार म्हणतो, ताई, फ्रेम पडतायत.
मी आधी भिंतीवरच्या आजोबांकडे पाहिलं.

नव्या गेममध्ये म्हणे एक माळ आहे,
चार दिवस घोडा पिटाळला तरी न सरणारा,
आणि त्यातल्या पात्यापात्याला स्वतःची सावली.
खाली बारीक अक्षरांत किमान अपेक्षा,
स्थळ बघताना असतात तशा :
मेमरी इतकी, वॉट इतके, कार्ड अमुक सालानंतरचं.
आमचं सहा वर्षांचं.
नकार ठरलेलाच होता.

तरी चालवला. सगळं लोवर.
सावल्या बंद. धुकं बंद. पाण्यातलं आभाळ बंद.
गवत लोवर टाकलं
तर गवत गेलंच.
उरली पिवळट माती, नजर जाईल तिथवर,
आणि मान खाली घालून एक घोडा
काहीच नसलेलं खात.

बाबा शेगडीत कोळशाची वीट सारत होते.
मान वळवून त्यांनी बघितलं.
हे कुठलं साल? म्हणाले.

इखबायार तेव्हा रांगत होता, त्याला काय सांगणार.
मला आठवतं थोडं.
उन्हाळाभर करपलेलं गवत, वर हिवाळ्यात काचेसारखा बर्फ,
चारशे बारा मेंढ्या, मग एकोणतीस,
मग उलानबातर,
बाजाराच्या फाटकावर बाबांची रात्रपाळी.
झूद म्हणतात त्याला आमच्यात.
घरात तो शब्द कुणी काढत नाही.

शनिवारी तिसऱ्या मजल्यावर बात्त्सूजच्या दुकानात.
अकरा लाख तुग्रुग, वापरलेलं.
नाणी खणणाऱ्यांकडचं तर नाही ना? मी विचारलं.
छे हो, एका दंतवैद्याचं, फक्त रविवारी खेळायचा.
त्याच्या दुकानात सगळीच कार्डं दंतवैद्यांची असतात.
मग कळलं, ह्याला जुना पॉवर सप्लाय पुरत नाही.
मग कळलं, नवा सप्लाय नि हे कार्ड मिळून
जुन्या डब्यात मावत नाही.
नाकापेक्षा मोती जड, म्हणून नवं नाक घेतलं.
माझे हिवाळी बूट पुढच्या हिवाळ्यात.

घरी आलो तर इखबायारला धीर नव्हता,
स्क्रू तोंडात धरून बसला.
बाबांनीच हात धरला त्याचा.
बाहेरच्या थंडीतनं आलंय, लगेच जागं करू नको.
आतून घाम फुटेल त्याला. ऊब येऊ दे आधी.
त्यांना कॉम्प्युटर सुरू करता येत नाही.
पण आपल्या जुन्या डगल्यात त्यांनी ते गुंडाळलं
आणि शेगडीपासून नेमक्या तेवढ्या अंतरावर ठेवलं
जिथं फेब्रुवारीत जन्मलेली कोकरं ठेवायचे.
तीन तास.
मधे दोनदा हात घालून पाहिलं.

मग पंखे घुमले.
गवत : हाय.

आणि ते आलं की हो.
आधी जवळचं, मग टेकडीवरचं, मग पार टेकडीपलीकडचं,
वाऱ्यानं पाठ दाखवत, परत सरळ होत.
बाबा खुर्ची ओढून बसले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, वारा उत्तरेचा आणि गवत उत्तरेलाच झुकतंय.
मग म्हणाले, हे असलं मेंढी तोंडात धरणार नाही, कडू असतं.
मग, जरा थांबून, त्या घोड्याचा लगाम काढता येतो का?

इखबायारनं सगळी बटणं दाबून पाहिली.
एकानं बाण सुटला, एकानं शिट्टी वाजली.
लगाम काढायचं बटण नव्हतं.
तेव्हा तो घोड्यावरून नुसता उतरला,
दहा पावलं दूर जाऊन उभा राहिला.
घोडा चरत राहिला.
बाबांची सहाची बस गेली, सव्वासहाची गेली.
कार्ड इतकं तापलं
की खिडकीवरचा बर्फ बोटभर सुटला.

आता मार्चमध्ये दुसरा भाग येतोय.
त्यात बर्फ आहे म्हणे, कणाकणाचा वेगळा,
पावलं उमटणारा, आणि हे कार्ड त्याला पुरणार नाही.
इखबायार माझ्याकडे बघतो.
मी माझ्या बुटांकडे.

सोद्नोम, माझे बाबा, डगल्याची गुंडी लावत
रात्रपाळीला निघालेले.
बर्फाला पैसे कशाला, म्हणाले,
आणि दार उघडं टाकून गेले.